भाच्याच्या डिकीतला फायबरग्लासचा बॉक्स का फुटला आणि परत कसा उभा केला

भाचा संध्याकाळी गाडी घेऊन आला, डिकी उघडली आणि नुसता उभा राहिला. म्हणाला, "मामा, हे बघ." डाव्या बाजूच्या खोबणीत, चाकाच्या कमानीमागे, त्याने स्वतः बनवलेला फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स, 12 इंची वूफर, वरून काळा मॅट रंग, दिसायला खरंच देखणा, आणि वूफर ज्यावर बसतो त्या लाकडी रिंगच्या वरच्या कडेला धरून कमानीसारखी एक चीर गेलेली, साधारण 14 सेमी लांब, इतकी बारीक की आधी मला वाटलं फक्त रंग तडकलाय. साबणाचं पाणी लावलं, कोन हाताने हळू आत दाबला आणि चिरेतून बारीक बुडबुडे आले. म्हणजे कवच आरपार फाटलेलं.

बॉक्स बनवून चारच महिने झाले होते. चीर आत्ता दिसली, पण तक्रार पहिल्या दिवसापासूनची होती. किक ड्रम ठीक वाजायचा, पण बेस गिटार एका ठराविक सुरावर आली की सगळी डिकी भणभणायची आणि तो एकच सूर बाकीच्यांपेक्षा फुगून यायचा, बद्द, लांबलेला. त्याने आधी ॲम्प्लिफायरवर संशय घेतला, गेन कमी केला, मग वायर बदलली, मग वूफरच खराब आहे म्हणून मित्राचा वूफर लावून बघितला, आवाज तसाच. माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्याच, कामात गेलंय, टाक्या, कव्हरं, मशीनची झाकणं, आणि स्पीकरचा नाद त्याच्याही आधीपासून आहे, त्यामुळे बॉक्स बाहेर काढून टेबलावर घेतला तेव्हा पहिलं काम केलं ते बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघायचं. पुढची गोलाई जरा बरी, वळणावर आवाज कोरडा आणि बारीक, आणि मागे, जिथे बॉक्स गाडीच्या पत्र्याला समांतर जातो तिथे साधारण 40 बाय 30 सेमीची जवळपास सपाट भिंत, तिथे ठोकलं की ढब्ब. तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं होतं, पण नुसत्या कानावर विश्वास ठेवून बॉक्स कापायचा नाही अशी माझी सवय आहे, म्हणून आधी मोजमाप.

वूफरसोबत आलेल्या कागदावरचे आकडे असे: एफएस (वूफरचा मोकळ्या हवेतला स्वतःचा सूर, म्हणजे रेझोनन्स) 28 हर्ट्झ, क्यूटीएस (तो सूर किती आवरलेला आहे याचा आकडा) 0.45, व्हीएएस (वूफरइतकीच लवचीक हवा किती लिटर) 40 लिटर. सीलबंद बॉक्ससाठी हिशोब सोपा आहे, व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, 1 मिळवायचा, वर्गमूळ काढायचं, आणि त्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हीला गुणायचं. या पद्धतीची पायाभरणी नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात केली आणि 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती पुढे नेली, आजही हे आकडे त्यांच्याच नावाने ओळखले जातात. भाच्याने 25 लिटर धरून काम केलं होतं. 25 लिटरला वर्गमूळ येतं 1.61, म्हणजे बॉक्समधला रेझोनन्स 45 हर्ट्झच्या आसपास आणि क्यूटीसी (बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यूटीएस) 0.73, जे अगदी हवं तसं. पण फायबरग्लासच्या बॉक्सचं आतलं माप टेपने काढता येत नाही, वाकडातिकडा आकार, म्हणून वूफर काढून आत थर्माकोलचे बारीक दाणे ओतले, मग तेच दाणे मापाच्या बादलीत. वूफरच्या मागच्या भागाची जागा वजा करून निघाले 21 लिटर. मी थोडा वेळ इथे अडकलो, कारण बॉक्स लहान झाला की क्यूटीसी वाढतो आणि बेस फुगतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण 21 लिटरला हिशोब केला तर क्यूटीसी 0.77 आणि रेझोनन्स 48 हर्ट्झ. 0.73 आणि 0.77 मधला फरक कानाला जेमतेम कळेल, त्याने डिकी भणभणत नाही.

मग इंपिडन्स काढला, म्हणजे वूफर कोणत्या हर्ट्झला विजेला किती विरोध करतो ते; रेझोनन्सला हा विरोध शिखर गाठतो. याला मोठं यंत्र लागत नाही, मोबाईलवर टोन जनरेटर, छोटा ॲम्प, वूफरच्या सिरीजमध्ये मोठा रेझिस्टर आणि एसी व्होल्ट नीट दाखवणारा मल्टिमीटर, आणि 20 पासून 120 पर्यंत दोन-दोन हर्ट्झने वर जायचं, प्रत्येक ठिकाणी वूफरवरचं व्होल्टेज वहीत लिहायचं. बुडबुडे येत असताना मोजलं तर गळतीमुळे शिखर बसकं येतं, म्हणून आधी चिरेवर तात्पुरती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी दाबून लावली. कंटाळवाणं काम आहे पण दुसऱ्या कशानेही बॉक्स इतका स्पष्ट बोलत नाही. शिखर यायला पाहिजे होतं 48 ला, आलं 44 ला. म्हणजे 21 लिटरचा बॉक्स 27 लिटरचा असल्यासारखा वागत होता! आणि पुढे, 76 ते 78 हर्ट्झच्या मध्ये, उताराला लागलेल्या रेषेवर एक छोटी गाठ. भाच्याला टोन जनरेटर 77 वर ठेवून ऐकवलं, तो लगेच म्हणाला, "हाच. हाच तो सूर."

रेझोनन्स खाली सरकला याचा अर्थ आतल्या हवेची स्प्रिंग अपेक्षेपेक्षा मऊ आहे, आणि हवा तर तेवढीच आहे, मग मऊपणा भिंतीतून येतोय. कोन आत जातो तेव्हा भिंत बाहेर फुगते, कोन बाहेर येतो तेव्हा भिंत आत येते. भिंतीचा हा मऊपणा हवेच्या मऊपणात मिळतो आणि बॉक्स मोठा भासतो. आणि भिंतीला स्वतःचं वजन आणि स्वतःचा ताठपणा असतो, म्हणजे तिचा स्वतःचा एक सूर पण असतो, तो इथे 77 च्या आसपास निघाला, बरोबर त्या जागी जिथे बेस गिटार वावरते. 5 किलोचं वजन मागच्या सपाट भिंतीच्या मधोमध ठेवून डायल गेज लावला, भिंत 2.2 मिमी दबली. मी भाच्याला म्हटलं, हात लाव आणि स्वतः दाबून बघ. अंगठ्याने दबत होती.

आता या दाबाचा अंदाज बहुतेकांना नसतो म्हणून इथे जरा थांबतो. 12 इंची वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ 500 चौरस सेमीच्या जवळपास, तो 10 मिमी आत गेला तर अर्धा लिटर हवा ढकलतो. 21 लिटरच्या बंद डब्यात अर्धा लिटर कोंबला की दाब साधारण 3,400 पास्कलने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन टक्के सुद्धा नाही. पण 40 बाय 30 सेमीच्या भिंतीवर तो पसरला की होतात जवळजवळ 40 किलो. आणि ते 40 किलो नुसते ठेवलेले नाहीत, 40 हर्ट्झला सेकंदाला 40 वेळा बाहेर ढकलणं आणि 40 वेळा आत ओढणं, तासन्‌तास. त्यात भिंत सरासरी 1 मिमी जरी हलली तर 120 सीसी झाले, म्हणजे कोनने ढकललेल्या 500 सीसी पैकी जवळपास पाव भाग भिंत खाऊन टाकते आणि तिच्या मर्जीने, उशिरा, परत देते. म्हणून तो सूर लांबलेला वाटत होता.

फायबरग्लास म्हणजे मजबूत, हे वाक्य भाच्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्याने भिंतीवर संशयच घेतला नाही. खरं तर ओढून तोडायचं म्हटलं तर फायबरग्लास एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) कितीतरी पुढे आहे. पण स्पीकरच्या बॉक्सला कोणी ओढत नाही, तिथे प्रश्न वाकण्याचा आहे, आणि वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. पॉलिस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या कातरलेल्या धाग्यांची चटई) यांचे थर मिळून झालेला लॅमिनेट मटेरियल म्हणून एमडीएफच्या साधारण दुप्पट ताठ असतो, पण 18 मिमी एमडीएफची सपाट फळी आणि 5 मिमी फायबरग्लासची सपाट भिंत शेजारी ठेवली तर एमडीएफची फळी वीसेक पट जास्त ताठ निघते. सपाट भिंतीत एमडीएफची बरोबरी करायला फायबरग्लास 14 मिमीच्या आसपास लागेल, आणि तेवढा थर कोणी लावत नाही. फायबरग्लास जिंकतो तो आकारावर. अंड्याच्या कवचासारखं दोन्ही दिशांनी वळलेलं असेल तर 5 मिमी सुद्धा हलत नाही, कारण तिथे दाब वाकवण्याऐवजी कवचाच्या पातळीतच ताण देतो. भाच्याच्या बॉक्समधला वळणदार भाग म्हणूनच ठीक होता आणि सपाट भाग वाजत होता, दोन्ही एकाच हाताने बनवलेले असून.

पण चीर तर पुढच्या बाजूला होती, सपाट भिंत मागे. ते कोडं कापल्याशिवाय सुटणार नव्हतं. ग्राइंडरला डायमंड चकती लावून पुढचा भाग रिंगच्या बाहेरून 5 सेमीवर गोल कापला, मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मागून व्हॅक्यूम चालू ठेवून, कारण काचेची धूळ एकदा अंगात शिरली की दोन दिवस झोपू देत नाही आणि फुप्फुसात तर जाऊच नये. कापलेली कड बघितली आणि सगळं समोर आलं. बाहेरून फ्लीसचं कापड रेझिनमध्ये भिजलेलं, 2 मिमी. त्याच्या आत एक थर मॅट, तोही रिंगपर्यंत पोचलेला नाही, दोन बोटं आधीच संपलेला. आणि आतून 1 ते 4 मिमी असा कमीजास्त, गुळगुळीत, राखाडी लेप. तो काय आहे विचारलं तर म्हणाला, रेझिनमध्ये बॉडी फिलरची पुट्टी पातळ करून आत ओतली आणि बॉक्स फिरवून फिरवून सगळीकडे पसरवली, व्हिडिओत सगळे तसंच करतात. करतात, आणि भोकं बुजवायला ते ठीक पण आहे, पण त्यात धागा नाही. फ्लीसमध्ये पण काचेचा धागा नाही, ते आकार धरायचं कापड आहे, साचा म्हणून त्याचं काम पहिल्या दिवशी संपतं. धाग्याशिवायचं पॉलिस्टर रेझिन ठिसूळ असतं, थोडं ताणलं की तडकतं. आणि सगळ्यात जास्त वाकणं कुठे होतं, तर पातळ कवच जिथे जाड, ताठ रिंगला भेटतं तिथे. 18 मिमीची रिंग हलत नाही, शेजारचं कवच हलतं, मग सगळा ताण त्या एका रेषेत. चीर बरोबर त्याच रेषेत होती. मॅट तिथे पोचलेलीच नव्हती.

मागच्या भिंतीचा तुकडा कापून बघितला तर अजून एक गोष्ट निघाली जी मला जास्त लागली, कारण ती बाहेरून कोणालाच दिसली नसती. मॅटचे दोन थर होते पण पटाशी मध्ये घालून जरा पिळली तर दोन्ही थर सुट्टे झाले, स्वच्छ, चकचकीत, जसे एकमेकांवर नुसते ठेवलेत. भाच्याने पहिला थर लावून दोन दिवसांनी दुसरा लावला होता आणि रेझिन होतं मेणवालं. पॉलिस्टर रेझिनचे ढोबळ दोन प्रकार, एक लॅमिनेटिंगचं, ज्याचा वरचा पृष्ठभाग हवेमुळे पूर्ण सुकत नाही आणि चिकट राहतो, त्यावर पुढचा थर रासायनिक रीतीने जोडला जातो. दुसऱ्यात मेण असतं, ते सुकताना वर येऊन पातळ पडदा धरतं म्हणून वरून कोरडं, छान घासता येतं, पण त्या पडद्यावर पुढचा थर धरत नाही. मेणवाल्यावर थर चढवायचाच असेल तर खरबरीत कागदाने पार निस्तेज होईपर्यंत घासायचं, एकही चमकणारा ठिपका ठेवायचा नाही, आणि धूळ काढून मगच. नुसतं ॲसिटोनने पुसून भागत नाही, मेण इकडून तिकडे पसरतं फक्त. सुटलेले 1.5 मिमीचे दोन थर म्हणजे 3 मिमीची भिंत नव्हे, दोन पातळ भिंती झाल्या, आणि ताठपणा घनाने जातो हे आठवलं तर तो चौथ्या हिश्श्यावर येतो. भिंत सगळीकडे सुटलेली नव्हती, पण जिथे सुटली होती तिथेच ती जास्त वाजत होती.

आता करायचं काय. भाचा म्हणाला टाकून देऊ आणि नवीन करू. मी नाही म्हटलं, कारण मागचं कवच गाडीच्या खोबणीत तंतोतंत बसणारं होतं आणि ते परत काढायचं तर डिकी टेपने मढवणं, फॉइल, मेण, हे सगळं पुन्हा. पुढचा भाग पूर्ण टाकायचा, मागचं कवच साचा म्हणून ठेवायचं आणि खरी भिंत त्याच्या आत बांधायची असं ठरलं. सुट्टा निघणारा आतला थर ओढून काढला, राहिलेला 40 नंबरच्या कागदाने घासला. यात आमचा अख्खा एक दिवस गेला आणि तो दिवस वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

रेझिन मी लॅमिनेटिंगचं घेतलं, मॅट 450 ग्रॅमची. या मॅटचा एक थर हाताने नीट लावला तर साधारण 1 मिमी होतो. चार थर लावायचे ठरले, जुनं मिळून भिंत 6 ते 7 मिमी. आतलं क्षेत्र अंदाजे 0.55 चौरस मीटर, म्हणजे चार थरांची काच 1 किलोला जरा कमी आणि तिच्या सव्वादोन पट रेझिन, 2.2 किलो. हे आधी तोलून ठेवायचं, कारण रेझिन जास्त म्हणजे मजबूत असं वाटतं आणि होतं उलटं, जितकी काच जास्त तितकं ताठ, रेझिनचं काम धागे धरून ठेवायचं. मॅट ओली झाली की तिचा पांढरेपणा जातो, ती पारदर्शक होते, तेवढं झालं की थांबायचं आणि लोखंडी चाकांच्या रोलरने हवा काढायची. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा आहे. आणि मॅट कातरीने सरळ कापण्यापेक्षा हाताने फाडलेली बरी, फाटलेल्या कडेचे धागे पुढच्या तुकड्यात मिसळतात, पायरी राहत नाही. एपॉक्सी वापरू का असं भाच्याने विचारलं होतं. वापरता येतं, चिकटतंही जास्त, पण मग ही नेहमीची मॅट चालत नाही, तिचे धागे बांधणारा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरिन या द्रवात विरघळतो, एपॉक्सीत नाही, मॅट आडमुठी राहते आणि वळणावर बसत नाही. एपॉक्सीला विणलेलं कापड घ्यायचं.

पहिल्या थराला एक गडबड झाली. मी आत बॉक्सला कोपरे मारत होतो, म्हणजे रेझिनमध्ये कातरलेले धागे आणि भुकटी घालून केलेली घट्ट पेस्ट आतल्या प्रत्येक काटकोनात बोटाने गोल भरत होतो, कारण मॅट काटकोनात बसत नाही, उडी मारून वर येते आणि खाली हवेची नळी राहते. तेवढ्यात भाच्याने वेळ वाचावा म्हणून 900 ग्रॅम रेझिन एकाच उभ्या डब्यात घेतलं आणि 2 टक्के हार्डनर, म्हणजे रेझिन सुकवणारं रसायन, घातलं. दहा-बारा मिनिटांत डबा हातात धरवेना, रेझिन जेलीसारखं झालं आणि वर वाफ. सुकताना रेझिन स्वतः उष्णता सोडतं, उभ्या डब्यात ती बाहेर पडायला जागा नसते, उष्णतेने क्रिया अजून वेगात, असं ते स्वतःलाच पेटवत जातं. तो डबा तसाच उचलून बाहेर मोकळ्यावर, सुकं काही जवळ नसलेल्या जागी ठेवला. त्यानंतर प्रत्येक वेळी 300 ग्रॅम, पसरट ट्रे, हार्डनर दीड टक्का म्हणजे साडेचार ग्रॅम, छोट्या वजनकाट्यावर. थेंब मोजून घालणाऱ्यांनी एकदा वजन करून बघावं.

हार्डनरबद्दल मला मनापासून सांगायचंय. हे हार्डनर, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, कायमची, एका थेंबाने. गॉगलशिवाय ती बाटली उघडायचीच नाही, आणि शेजारी भरपूर पाणी हवं. कोबाल्टचा ॲक्सिलरेटर (सुकण्याचा वेग वाढवणारा द्रव) वेगळा मिळत असेल तर तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोटासारखी क्रिया होते, ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर शेवटी. आणि स्टायरिनला कापडी मास्क काही अडवत नाही, सेंद्रिय वाफांच्या काडतुसांचा मास्क लागतो. बॉक्सच्या आत डोकं घालून रोलर फिरवताना हे आणखीनच, कारण वाफ जड असते आणि डब्यात साचते. भाच्याला पहिल्यांदा बनवताना दोन दिवस डोकं दुखलं होतं, त्याने ते उन्हावर ढकललं होतं.

चार थर एकदम चढवले नाहीत. दोन लावले, गार होऊ दिले, वर हात लावला तर चिकट पण ठसा उमटत नाही अशा अवस्थेत पुढचे दोन. एकदम लावले असते तर उष्णता वाढते आणि आकसतं पण जास्त, पॉलिस्टर सुकताना आकारमानाने 5 ते 8 टक्के आकसतं. जुनं कवच भाच्याने तीन तासांत डिकीतून काढलं होतं आणि ते जरा पिळलेलं होतं, म्हणून या वेळी थर लावताना कवच डिकीच्या खोबणीतच दोऱ्यांनी आवळून, खाली प्लास्टिक घालून ठेवलं आणि रात्रभर हलवलं नाही.

सपाट भिंतीला मात्र नुसती जाडी देऊन माझं समाधान होणार नव्हतं. दोन बरगड्या घातल्या, पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या 20 मिमी उंच पट्ट्या, वरच्या कडा गोल केलेल्या, तिरक्या एकमेकींना छेदत, आणि वरून मॅटचे दोन थर, दोन्ही बाजूंना 4 सेमी भिंतीवर उतरवून. इथे फोमचं वजन नगण्य, तो फक्त मॅटला उंचीवर धरतो, आणि भिंतीपासून लांब गेलेली काच हीच ताठपणा देते. थर्माकोल चालत नाही, पॉलिस्टर रेझिन लागलं की तो विरघळून बसतो. बरगड्या मुद्दाम बरोबर मधोमध छेदल्या नाहीत, एका बाजूला सरकवल्या, म्हणजे राहिलेले चार तुकडे चार मापांचे होतात आणि त्यांचे सूर एकत्र येत नाहीत. शिवाय 25 मिमीचा लाकडी दांडा, रिंगपासून मागच्या भिंतीवरच्या बरगडीपर्यंत, दोन्ही टोकांना पेस्टचा कोपरा आणि वरून मॅट गुंडाळलेली. हा एक दांडा मागची भिंत आणि रिंग एकमेकांना बांधतो, दोन्ही विरुद्ध दिशेला फुगायला बघतात आणि एकमेकांना अडवतात.

रिंग नवीन केली. एमडीएफ ऐवजी 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून 36 मिमी, राऊटरने कापली, कच्च्या कडांना आधी पातळ रेझिन पाजलं. स्क्रूऐवजी मागून टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे लोखंडी नट, कारण वूफर चारदा काढावा-बसवावा लागतो आणि एमडीएफमधला स्क्रू तिसऱ्यांदा फिरायला लागतो. थर आणि बरगड्यांनी आतली जागा जवळपास 3 लिटर खाल्ली होती, म्हणून रिंग आधीपेक्षा 4 सेमी पुढे घेतली. लाकडी काड्यांवर रिंग हवी त्या कोनात टेकवून गरम गोंदाने धरली, फ्लीस ताणून स्टेपल केलं, सुरकुती एकही नाही, रेझिन पाजलं, आणि फ्लीस सुकल्यावर खरं काम आतून: रिंगच्या मागच्या कडेला आधी पेस्टचा जाड गोल कोपरा, मग मॅट रिंगच्या लाकडावर 5 सेमी चढवून तिथून कवचावर, पहिला थर 5 सेमी, दुसरा 8, तिसरा 11, चौथा थेट मागच्या कवचापर्यंत, म्हणजे जाडी एका रेषेत संपत नाही, उतरत उतरत जाते. जुन्या बॉक्समध्ये जी रेषा फुटली तिथे आता सगळ्यात जास्त काच आहे. हात 28 सेमीच्या भोकातून घालून हे करायचं म्हणजे खांदे भरून येतात, भाचा आणि मी आळीपाळीने केलं. पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग यावर मी फार लिहीत नाही, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

एक आठवडा तसाच ठेवला, मग मोजमाप. दाण्यांनी मोजून, वूफरची जागा वजा करून 24 लिटर. 5 किलोचं वजन त्याच जागी, डायल गेज 0.1 मिमीच्याही आत. इंपिडन्सचं शिखर 45 ला, हिशोब सांगतो 46, आत थोडा पॉलिस्टर कापूस भरलाय त्याने तेवढा फरक पडतोच. 77 ची गाठ पूर्ण गेली, मी 300 हर्ट्झपर्यंत बघत गेलो तर 230 च्या आसपास अगदी बारीकशी दिसली, पण सबवूफरला 80 हर्ट्झच्या वरचे सूर कापून पाठवलेले आहेत, तिथे तिला कोणी हात लावत नाही. बॉक्सचं वजन वूफरशिवाय 5.5 किलोवरून 9 किलो झालं, म्हणून तो नुसता खोबणीत अडकवून ठेवला नाही, मागून दोन पट्ट्या मॅटमध्ये पुरून गाडीच्या मूळ बोल्टला आवळला, अचानक ब्रेक लागला तर इतका जड डबा सुटा नको.

भाच्याने तीच गिटारवाली गाणी लावली आणि पहिल्यांदा काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मामा, बेस कमी झालाय का रे?" हे मला अपेक्षित होतं, फुगलेला सूर गेला की पहिले दोन दिवस काहीतरी हरवल्यासारखं वाटतंच. मी त्याला गिटारचे सूर एकेक करून ऐकायला लावले, पूर्वी एकच सूर ऐकू यायचा, आता खालचे तीन पण वेगवेगळे कळत होते. आवाज वाढवला तेव्हा अजून एक भणभण आली, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, हात फिरवला तर बॉक्स दगडासारखा गप्प, वाजत होती मागची नंबर प्लेट. तिच्यामागे फोमची पट्टी लावली. सहा महिने झालेत, मी दर महिन्याला रिंगच्या कडेवर साबणाचं पाणी लावून बघतो, अजून एकही बुडबुडा नाही.